काटा कोणी मारला

आधी अंकुशचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. अंकुश ड्रायव्हर. पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे, तिथला. आज नगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, पाटीवर माझं नाव आहे, लोक 'मिस्त्री' म्हणून हाक मारतात, पोरं कॉलेजला जातात. हे सगळं अंकुश एकदा जे बोलला त्याच्यावर उभं आहे. त्याचा भुर्दंड त्यानं सोसला आणि फळ मी खाल्लं. गफूर उस्तादांचंही नाव घ्यायला पाहिजे, कारण त्यांनी मला गॅरेजात ठेवून घेतलं. पण उस्तादांच्या म्हातारपणी त्यांच्या उशापायथ्याशी बसायला मिळालं, थोडंफार फिटलं. अंकुशचं तसंच राहिलं.

आणि हो, मी नगरच म्हणणार. गावाच्या पाटीवरचं नाव बदललं तरी माझ्या जिभेला अजून वळण पडायचंय.

मी मूळ चंद्रपूरकडचा, धानाच्या मुलखातला. नववीत शाळा सुटली. का सुटली ते लोक विचारतात. एकच कारण असतं तर सांगून मोकळा झालो असतो. बाप गेला, आई दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायला लागली, मास्तरांनी घरी येऊन विचारलं, पुन्हा विचारलं, मग विचारायचे थांबले. गावातला एक जण नगरच्या लष्करी छावणीत स्वयंपाकी होता. त्याच्या मागं लागून इकडं आलो आणि उस्तादांच्या गॅरेजात चिकटलो. गॅरेजच्याच माळ्यावर झोपायचो. माझं 'मले', 'तुले', 'काहून' ऐकून इथले लोक हसायचे आणि मला वऱ्हाडी म्हणायचे. चंद्रपूर वऱ्हाडात येत नाही हे सुरुवातीला समजावून सांगितलं, मग सोडून दिलं.

स्वभावानं मी भित्रा. परक्या गावात एक चूक झाली की परत जायला गाडी आहे, पण परत जाऊन करायला काही नाही, हे सारखं डोक्यात. म्हणून वायर जोडली की ओढून बघायची, परत बघायची, टेप गुंडाळायची आणि टेपवरून पुन्हा ओढायची. उस्ताद म्हणायचे, "वो वायर भी तेरेसे वैताग गयी रे, अब छोड उसको." पण या भित्रेपणामुळंच त्यांनी मला डॅशबोर्डच्या कामाला लावलं. तिथं घाई करणारा माणूस चालत नाही.

त्या वर्षांत आमच्याकडं एक काम फार यायचं. जुन्या गाडीला बाहेरून टेंपरेचरचा काटा बसवायचा. आताच्या गाड्यांत हे सगळं आतून येतं, म्हणून जरा सांगतो. इंजिनाभोवती पाणी खेळतं, ते पाणी रेडिएटरात जाऊन थंड होतं आणि परत येतं. पाणी किती तापलंय हे सांगणारा काटा जुन्या गाड्यांत एक तर नसायचा, नुसता लाल दिवा असायचा. नाहीतर असायचा तो मेलेला. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असायचा. त्यात आमचं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. नळ्या बुजल्या की गाडी सपाटीला बरी चालते आणि घाटात उकळते. नगरहून पाथर्डीला जायचं म्हणजे मधे करंजीचा घाट. उन्हाळ्यात तिथं बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि डबा घेऊन पाणी शोधत फिरणारे ड्रायव्हर, हे नेहमीचं चित्र.

काटे दोन जातीचे. एक नळीचा. त्याची बारीक तांब्याची नळी थेट इंजिनाच्या पाण्यापर्यंत जाते, आतला वायू तापून फुगतो आणि काटा ढकलतो. त्याला वीज लागत नाही. दुसरा वायरचा. पाण्यात एक पितळी बोल्ट बुडवायचा, त्याच्यातून एक वायर डॅशबोर्डपर्यंत आणायची. पाणी तापेल तसा बोल्टातून करंट जास्त जातो आणि काटा चढतो. नळीचा बसवायला कटकटीचा, नळी मुडपली की मेला. पण खोटं बोलायला त्याला येत नाही. वायरचा बसवायला सोपा, त्याच्यात रात्री छान दिवा लागतो, आणि त्याला खोटं बोलायला लावता येतं. ही गोष्ट वायरच्या काट्याची आहे.

नळीचे काटे आम्ही जुन्या बाजारातून आणायचो, लष्करी लिलावातल्या मोडीतले. त्यांच्यावर आकडे फॅरनहाइटचे. सुप्याकडच्या एका दूधवाल्याच्या जीपला तसला काटा बसवला, तर गाडी चालू करून थोड्या वेळात तो माझ्यावर ओरडत आला. माणूस एकशे पाचाला बडबडायला लागतो, आणि माझी जीप एकशे ऐंशीला गेली तरी तू हसतोयस, म्हणाला. गाडीची प्रकृती वेगळी असते, तिला एकशे ऐंशी म्हणजे निरोगी, हे पटवायला उस्तादांना चहा पाजावा लागला. तरी तो जाताना काट्याला लिंबू-मिरची बांधून गेला. पुढं कितीतरी वर्षं ती जीप उकळली नाही. श्रेय लिंबाला गेलं.

तर नानासाहेब. राहुरीच्या बाजूचे, बडे माणूस. रस्त्याच्या कडेला त्यांचा खाजगी वजनकाटा होता. कांदा, चारा, भंगार, जे येईल ते तिथं तोललं जायचं, आणि हंगामात आसपासच्या गुऱ्हाळांचा ऊस. ऊस तोडणाऱ्यांना मजुरी टनावर मिळते, म्हणजे काटा जे बोलेल ते त्यांचं पोट. नानासाहेबांचे ट्रक होते, ट्रॅक्टर होते आणि एक जुनी पांढरी अँबॅसिडर होती. सगळ्या गाड्यांची कामं उस्तादांकडं. गॅरेजातल्या निम्म्या चुली नानासाहेबांच्या चाकांवर पेटायच्या असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी निरोप धाडला की अँबॅसिडरला काटा बसवायचाय, माणूस इकडंच पाठवा. उस्तादांनी मला पाठवलं. एकट्यानं बाहेर जाऊन करायचं माझं ते पहिलं काम.

हंगाम जोरात होता. आवारात उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या, गाडीवान जुवांना टेकून बसलेले, तोडणीच्या बाया सावली धरून. नानासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, कोण रे, कशाला आलास. आता आमच्या गॅरेजात आम्ही सगळंच 'मारायचो'. रंग मारायचा, टाका मारायचा, स्क्रू मारायचा. तेच तोंडात बसलेलं. मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "उस्तादांनी पाठवलंय जी. काटा मारायला आलोय."

बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा राहिला. मग रांगेतला एक म्हातारा गाडीवान शांतपणे म्हणाला, "पावनं, उशीर केला. हितं आधीच मारून ठिवलाय."

सगळं आवार हसलं. बायांनी तोंडाला पदर लावले. मला काही कळेना, मीही थोडं हसलो. नानासाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं नीट पाहून घेतलं.

त्यांच्या ड्रायव्हरनं मला दंडाला धरून गाडीच्या मागं नेलं. तो अंकुश. माझ्याच वयाचा, बारीक, खांद्यावर कायम एक पुसायचं फडकं. कुठला आहेस, म्हणाला. चंद्रपूर म्हटल्यावर त्यानं मान हलवली, "मंग बराबर हाय," आणि मला समजावून सांगितलं की इकडं काटा मारणं म्हणजे वजनात खाणं. भरल्या गाडीतला ऊस कागदावर कमी दाखवणं. आमच्या तिकडं असला शब्द नव्हता असं नाही, पण माझ्या कानावर कधी पडला नव्हता. आम्ही धान पायलीनं मोजणारी माणसं. अंकुश म्हणाला, ह्या रांगेत दरसाल त्याच्या बापाची गाडी असायची. आणि तो स्वतः ड्रायव्हिंग शिकायच्या आधी ह्याच वजनकाट्यावर कामाला होता. एवढं सांगून वळला. पाणी आणून दिलं आणि बोनेट उघडलं.

मी नळीचा काटा बसवू म्हणालो होतो. नानासाहेबांना दिव्याचा हवा होता. बरं, म्हटलं. रेडिएटरचं पाणी सोडलं, तर ते ताकासारखं पांढरं निघालं. इंजिनाच्या डोक्यावरचा एक बूच काढून तिथं पितळी बोल्ट बसवला, तांब्याचं वायसर घालून. पत्र्याला भोक पाडलं, त्यात रबर बसवलं म्हणजे वायर घासून कापली जाऊ नये. वायर सायलेन्सरच्या गरम पाइपपासून लांबून फिरवली. काटा मी स्टेअरिंगच्या मागं, ड्रायव्हरसमोर लावायला घेतला. नानासाहेब उठून आले आणि म्हणाले, तिथं नको, मधोमध लाव. मला दिसला पाहिजे. ते पुढच्या सीटवर बसत. मी म्हणालो, गाडी तर हे चालवतात. ते म्हणाले, "गाडी माझी हाय."

मधोमध लावला. तिरका, त्यांच्याकडं तोंड करून.

पुढचं मला अंकुशकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. गाडी सर्व्हिसिंगला आणली की तो माझ्याजवळ येऊन बसायचा, मी त्याला अर्धी भाकर द्यायचो, तो मला त्याच्या डब्यातला ठेचा. काटा लागल्यापासून तो जीव मुठीत धरून गाडी चालवत होता. नानासाहेब रस्त्याकडं बघायचेच नाहीत, काट्याकडं बघायचे. काटा मधल्या रेघेच्या वर सरकला की बोटातली अंगठी काचेवर वाजवायचे. टक टक. मग बोलणी सुरू. त्यांना वेळेवर पोचायचं असायचं आणि काटाही खाली हवा असायचा. काटा चढला तर गाडीच्या बुजलेल्या नळ्यांमुळं नाही, अंकुशच्या पायामुळं. "ऊसतोड्याचा पाय. त्याला काय गाडी कळनार." हे शेजारी पाहुणे बसलेले असताना. उस्तादांनी रेडिएटर उघडून साफ करायला पाहिजे असं दोनदा बजावलं होतं. ते म्हणाले, हंगाम संपू दे, गाडी इतके दिवस सोडता येत नाही.

एकदा अंकुश आला आणि डबा न उघडताच बसला. मग हसत म्हणाला, "वऱ्हाडी, जरा काटा मार की माझ्यापुरता. मधल्या रेघेच्या वर जाऊ नको म्हनावं त्याला."

मी नाही म्हणालो. काटा खोटं बोलला तर इंजिन जाईल, आणि इंजिनाबरोबर तूही जाशील, असं सांगितलं. तो म्हणाला, चेष्टा केली रे, आणि फडकं झटकून उठला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी उस्तादांना सांगितलं, तो पोरगा फार टेकीला आलाय, नानासाहेबांना रेडिएटरचं पुन्हा सांगा. उस्तादांनी पुन्हा सांगितलं. नानासाहेब पुन्हा म्हणाले, बघू.

मे महिना. पाथर्डीला लग्न. अँबॅसिडरमध्ये नानासाहेब, घरच्या बाया, नटलेल्या सुना, आहेराचं गाठोडं. निघायला उशीर झालेला. करंजीचा घाट चढायला लागले आणि अंकुशच्या नाकाला तापलेल्या तेलाचा वास आला. तो म्हणाला, मालक, गाडी गरम झालीय, बाजूला घेऊ का. नानासाहेबांनी काट्याकडं बघितलं. काटा मधल्या रेघेवर शांत उभा होता. ते म्हणाले, "काटा बघ की. काटा मधी हाय. चल."

अंकुश मला नंतर म्हणाला, तेवढ्यात सांगून टाकायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण शेजारी ते, मागं बाया, आणि ज्या काट्याच्या धाकानं त्यानं इतके दिवस काढले तोच काटा आता मालकाच्या बाजूनं साक्ष देत होता. पुढच्या वळणाला परत म्हणाला, मालक, थांबू. कामचुकार म्हणून शिवी बसली. माथ्याच्या अलीकडं बोनेटखालून वाफेचा लोट आला, आतून खडखड आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. नटलेल्या सुना उन्हात रस्त्यावर उतरल्या. नानासाहेब कोंबड्यांसारखी माणसं भरलेल्या एका वडाप जीपच्या मागच्या पायरीवर उभे राहून लग्नाला गेले. मांडवातल्या लोकांनी ते पाहिलं. इंजिन गेल्याचं त्यांना तितकं नसावं, जितकं त्या पायरीवर उभं राहिल्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रकला बांधून गाडी गॅरेजात आणली. मागोमाग नानासाहेब, त्यांच्याबरोबर दोघं-तिघं. अंकुश ट्रकमधून उतरला आणि दाराशी उभा राहिला. उस्तादांनी इंजिनाचं डोकं उचललं. गॅस्केट जळून काळं, पिस्टन चिकटलेले. ते त्यांनी बाजूला ठेवलं. आत डॅशबोर्डाकडं गेले आणि काट्याची वायर हातानं चाचपत खाली निघाले. सीटपुढच्या चटईखाली एके जागी वायर जाड लागली. काळी टेप उलगडली तर आत रेडिओत असतो तसला एक बारीक रंगीत पट्ट्यांचा तुकडा वायरच्या मधे जोडलेला. तो असला की करंट अडतो आणि काटा कितीही तापलं तरी अर्ध्यावर राहतो. उस्तादांनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. टेप माझ्यासारखीच गुंडाळलेली होती, घट्ट, एकावर एक. अंकुशनं मला काम करताना इतक्या वेळा पाहिलं होतं.

नानासाहेबांनी विचारलं, हे कुणाला येतं? आणि माझ्याकडं बघितलं.

मग म्हणाले, "ह्यानं पहिल्याच दिवशी कबूल केलं हुतं. काटा मारायला आलोय, म्हनला. माझ्याच दारात. सगळ्या आवारानं ऐकलंय."

बरोबर आलेले लोक माना हलवायला लागले. खरंच, त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा हसले होते, आता आठवून गंभीर झाले. परमुलखातलं पोर, विजेचं काम येणारं, आणि वर तोंडानं बोललेलं. जुळत होतं सगळं. नानासाहेबांनी उस्तादांना सांगितलं, ह्याला आत्ता हाकला. नाहीतर माझी चाकं इथं लागणार नाहीत. आणि नगरात कुठल्याही गॅरेजात हा दिसला तर बघून घेतो.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलं तर घरची बोली बाहेर पडली. "मी नाही केलो जी. मले तं..."  मागं कोणीतरी हसलं. मी उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद खाली बघत होते. त्यांच्यावर राग नाही. त्यांच्यामागं कामगारांची घरं होती आणि ती नानासाहेबांच्या ट्रकांना बांधलेली होती. माझ्या मनात मी तेव्हाच माळ्यावरची वळकटी बांधली होती. आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. तिला मी कळवलं होतं की आता एकट्याला कामावर पाठवतात.

तेवढ्यात दारातून आवाज आला. मोठा नाही, नेहमीचाच.

"मालक, काटा त्यानं न्हाई मारला. मी मारला."

नानासाहेब वळले. त्यांना ते खरं वाटलं नसावं, कारण त्यांनी विचारलं, "तुला कुणी शिकवलं?" म्हणजे कुठल्या इलेक्ट्रिशियननं, असं त्यांना म्हणायचं होतं. तो तुकडा देणाऱ्या पाथर्डीतल्या एका रेडिओवाल्याचं नाव अंकुश सांगू शकला असता. त्यानं फडक्याला हात पुसले.

"तुमीच की. चार हंगाम तुमच्या काट्यावर हुतो. बाप तोडायचा, मी तोलायचो. शिकाया लई लांब जावं लागलं न्हाई."

 ह्या वेळी कोणी हसलं नाही. नानासाहेबांचा चेहरा मी पाहिला नाही, माझी हिंमत झाली नाही. मला त्यांचा हात दिसला. त्यांनी तो पुढं केला, उताणा. अंकुशनं खिशातून गाडीची किल्ली काढली, फडक्यानं पुसली आणि त्या हातावर ठेवली. गाडीतून उतरला की किल्ली पुसायची त्याची सवयच होती. मग माझ्याकडं एकदा बघून तो रस्त्याला लागला. मी मागं धावलो, कोपऱ्यापर्यंत.  असं काहून केलं, म्हटलं. तो म्हणाला, मारला मी आन् हाकलतील तुला, हे कसं व्हायचं. आणि म्हणाला, "तू जा आत. वायरी जोड."

मी आत गेलो. वायरी जोडल्या.

लोकांना वाटेल की नानासाहेबांनी उस्तादांकडं येणं बंद केलं असेल. नाही. त्यांचे ट्रक आधीसारखेच आले. दुसऱ्या गॅरेजात गेले असते तर कारण सांगावं लागलं असतं. मी त्या ट्रकांचे दिवे लावले, हॉर्न दुरुस्त केले आणि ते समोर आले की वाकून नमस्कार घातला. अँबॅसिडरचं इंजिन नवं झालं, रेडिएटर साफ झाला. मधोमधचा काटा त्यांनी काढायला लावला. नव्या ड्रायव्हरला काट्याशिवाय गाडी दिली. काटा काढला तो मीच. त्या जागी डॅशबोर्डाला भोक राहिलं, त्यावर त्यांनी देवाचं स्टिकर लावलं.

अंकुशला मात्र नगरात कोणी गाडी दिली नाही. काम शोधत फिरताना तो मला भेटायचा, घाटातलं त्यानं तेव्हाच सांगितलं. मी माझ्या परीनं चार ठिकाणी शब्द टाकला. लोक म्हणायचे, तोच ना, काटा मारणारा? तो काय बोलला ते कोणी उच्चारत नव्हतं. काय केलं तेवढंच गावभर झालं. ज्या आवारात रोज काटा मारला जायचा तिथून ही बातमी निघाली होती, आणि सांगणाऱ्या एकाचीही जीभ अडखळली नाही. मला त्याचा राग अजून येतो.

दसऱ्यानंतर तोडणीवाल्यांचे ट्रक नगरावरून पश्चिमेला जायला लागतात. पेट्रोल पंपाजवळ असाच एक ट्रक उभा होता. वर भांडी, पाचटाच्या गुंडाळ्या, कोंबड्या, लेकरं, माणसं. मी पंपावरच्या एका टेम्पोचं सेल्फ काढत होतो. वरून हाक आली, "मिस्त्री."

मला तोवर कोणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. मी मान वर केली नाही. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला. परत हाक आली. वर अंकुश होता. शेजारी त्याची बायको, नव्या लग्नाची, हिरवा चुडा भरलेली. इकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. अंकुशनं कोयता उचलला होता, बापाच्या जागी. ज्या कामातून सुटायला तो गाडी शिकला होता त्याच कामाला तो दुसऱ्याच्या गाडीवर बसून निघाला होता. मी काहीतरी विचारलं, कुठं, किती दिवस, असलंच. त्यानं ऐकलं नाही, नाहीतर ऐकून सोडून दिलं. वाकून म्हणाला, "मिस्त्री, ह्या गाडीला काटा न्हाई. वास येतोय. म्होरं उकळंल बघ. जरा सांग त्याला."

मी ट्रकच्या ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ट्रक चालू केला.

नंतर मी त्याच्या वाडीला गेलो. हिवाळा होता, निम्म्या घरांना कुलपं. एका म्हातारीनं सांगितलं, कारखान्यावर गेलेत. कुठल्या, ते तिला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा घरात दुसराच माणूस होता. कोणी म्हणालं कर्नाटकात आहे, कोणी म्हणालं मुकादमाबरोबर काही वाजलं आणि तिकडंच राहिला. वर्षं गेली. उस्ताद गेले, त्यांनी जाण्याआधी मला दुकान लावून दिलं. नानासाहेबही गेले. त्यांचा वजनकाटा अजून आहे, आता विजेवरचा, लाल आकड्यांचा. त्याच्या वर त्यांचा हार घातलेला फोटो. मी तिथून जाताना गाडीवानांच्या रांगेकडं बघतो. आता रांग ट्रॅक्टरांची असते. पण आत जाऊन कधी 'काटा मारायला आलोय' असं म्हणायची हिंमत झाली नाही, ओळखीच्या माणसाबरोबर चेष्टेतसुद्धा.

माझ्याकडं अजून लोक येतात. गाडी विकायचीय मिस्त्री, जरा काटा खाली राहील असं करा. एखादा तुकडा टाका मधे. चांगले शिकलेसवरलेले, गोड बोलणारे. गाडीला ताप आहे हे त्यांना ठाऊक असतं, पण तो ताप दुसऱ्याच्या दारात वर चढावा असं वाटतं. मी नाही म्हणतो. कारण सांगत बसत नाही. शेजारच्या दुकानात जा म्हणतो, आणि ते जातातही.

अंकुश, तू कुठं असशील तिथं हे छापून आलेला अंक पोचणार नाही, मला माहीत आहे. तरी लिहितो. काटा तू मारलास हे गावाला माहीत आहे. का मारलास आणि कुणासाठी कबूल केलंस हे आज मी नावानिशी लिहून ठेवलं. हे फेडणं नव्हे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वायरी जोडल्या, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. आता घेणार आहे, जुनीच, दुरुस्त करून. तिला नळीचा काटा बसवीन, खोटं न बोलणारा, आणि तो ड्रायव्हरच्या समोर बसवीन. तुला शोधून काढीन आणि किल्ली तुझ्या हातावर ठेवीन, पुसून. करंजीच्या घाटात जाऊ. मी शेजारी बसेन आणि रस्त्याकडं बघेन. काटा चढला की तू गाडी बाजूला घे. बोनेट उघडून झाडाखाली बसू, ती थंड होईस्तोवर. उशीर झाला तर होऊ दे.